कापड तुडवणाऱ्यांची तीन आडनावं

मुंबई उच्च न्यायालयाची दगडी इमारत ज्याच्या आराखड्यावर उभी राहिली तो कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर. १८७१ साली काम सुरू झालं, १८७८ साली संपलं. त्याच्या सत्तरएक वर्षं आधी बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात कंपनी सरकारचा रेसिडेंट होता अलेक्झांडर वॉकर. काठियावाडातल्या कोणत्या संस्थानिकाने गायकवाडांना दर साल किती खंडणी भरायची, हे त्याने १८०७ साली ठरवून दिलं. ‘वॉकर सेटलमेंट’ म्हणून ते इतिहासाच्या पुस्तकात अजून आहे. आणि १८८२च्या सप्टेंबरात मुंबई बंदरात साल्व्हेशन आर्मीची पहिली तुकडी उतरली, सगळी मिळून चार माणसं. त्यांचा म्होरक्या होता फ्रेडरिक टकर. पंजाबातली सनदी नोकरी सोडून तो या पंथात शिरला होता. रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून मुंबईच्या पोलिसांनी या गोऱ्या साहेबाला धरलं, तेव्हा शहरात बरीच करमणूक झाली असणार.

इंजिनिअर, मुत्सद्दी आणि मिशनरी. एकमेकांशी नातं नाही, काळ वेगळा, कामं वेगळी. पण तिघांच्या आडनावांचा अर्थ एकच: कापड तुडवणारा.

इंग्लंडात एका धंद्याला तीन नावं होती आणि ती प्रांतवार वाटलेली होती. नैर्ऋत्येला, म्हणजे डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या भागात, हा माणूस टकर. आग्नेयेला आणि पूर्वेला, ससेक्स-केंटपासून नॉरफोक-सफोकपर्यंत, फुलर. उत्तरेला, म्हणजे यॉर्कशर, लँकशर, वेस्ट मिडलँड्स आणि पुढे स्कॉटलंड इथे वॉकर. हे सगळं सहाशे-सातशे वर्षांपूर्वी ठरलं. त्यानंतर आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, खेडी ओस पडून शहरं फुगली. तरी १८८१ची जनगणना पुढ्यात घेऊन ही तीन आडनावं नकाशावर मांडली, तर तीन वेगळे डाग उठतात. मला या प्रकरणात रस आहे तो याच कारणाने. आडनावावरून पूर्वजाचा धंदा कळतो हे सगळेच सांगतात. इथे धंद्याबरोबर त्याच्या शेजाऱ्यांची बोली कळते. चौदाव्या शतकातला एखादा निरक्षर गावकरी त्या माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारत होता, ते या आडनावात थिजून राहिलं आहे.

आधी धंदा समजून घेऊ, कारण सुती कापडाच्या देशात राहणाऱ्या आपल्याला तो सहज डोळ्यापुढे येत नाही. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते अगदी विरळ असतं, उभे-आडवे धागे वेगवेगळे दिसतात, आणि कातताना-विणताना लावलेल्या तेला-तुपाने ते चिकट झालेलं असतं. ते तसंच अंगावर घातलं तर थंडीही अडत नाही आणि पाऊसही. मग ते हौदात टाकायचं. हौदात पाणी, आंबवलेलं मूत्र आणि एक विशिष्ट माती. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो, तो तेलकटपणा तोडतो. माती तो शोषून घेते. ही माती आपल्या घरात आहे. मुलतानी माती म्हणून आपण जी चेहऱ्याला फासतो, तिलाच इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात. सरेमधल्या नटफिल्डच्या आणि बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या परिसरात तिच्या खाणी होत्या. इंग्लिश कापडधंद्याचं गुपित परक्यांच्या हाती पडू नये म्हणून सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी होती, यावरून तिची किंमत कळावी.

हौदात दोन-तीन माणसं गुडघ्यापर्यंत काष्टे मारून उतरायची आणि तासन् तास, कधी कधी अनेक दिवस, ते कापड पायाखाली मळायची. लोकरीच्या प्रत्येक तंतूला बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि मार मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. कापड आटतं, लांबी-रुंदीचा तिसरा हिस्सा सहज जातो. पण जे उरतं ते दाट, जाड, वाऱ्याला दाद न देणारं. नंतर ते धुऊन मोकळ्या माळावर लाकडी चौकटींवर ताणून बसवायचं, म्हणजे सुकताना वाकडंतिकडं होत नाही. कडा अडकवायला चौकटीला आकडे असत, ‘टेंटरहुक’. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस आपण टेंटरहुकांवर आहोत असं म्हणतो ते इथूनच. मग काटेरी बोंडांनी कापडावरची लव उठवायची आणि हातभर लांब कात्रीने ती एकसारखी छाटायची. हे छाटणारे म्हणजे शेअरमन. त्यांचं आडनाव शर्मन झालं. अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती शर्मन हा एसेक्समधल्या डेडम या कापडवाल्या गावातून गेलेल्या घराण्यातला.

या सगळ्या खटाटोपातून निघणारं उत्तम कापड म्हणजे ब्रॉडक्लॉथ, आपली बनात. सुरतेच्या वखारीत उतरणाऱ्या विलायती मालात बनात असायचीच. आपल्या हवेत ती अंगरख्याला कोण वापरणार. ती जायची हत्तीच्या झुलीला, खोगिराला, तंबूला. कंपनीचे व्यापारी माल पडून राहतो म्हणून लंडनला रडगाणी लिहीत, पण ती वेगळी कथा.

आता शब्द. ‘फुलर’च्या मुळाशी लॅटिन ‘फुल्लो’ आहे; रोमन लोकांकडे हा धंदा जोरात होता, पॉम्पेईच्या अवशेषांत त्यांचे हौद अजून दिसतात. ‘टकर’ ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून आला त्याचा मूळ अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे जे हाल होत ते पाहता शब्द चपखल आहे. ‘वॉकर’ची गंमत आणखी निराळी. वॉक म्हणजे चालणं, हे लोक कापडावर चालायचे, म्हणून वॉकर, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पण जुन्या इंग्रजीत त्या धातूचा अर्थ लोळवणं, घुसळणं, उलटंपालटं करणं असा होता. त्या अर्थाने कापड मळणाऱ्याला हे नाव पडलेलं होतंच. पायी जाण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर, तेराव्या शतकाच्या आसपास, चिकटला. म्हणजे वॉकर चालण्यावरून निघाला नाही, इंग्रजांचं चालणंच मागाहून आलं. किलमार्नकच्या जॉन वॉकर नावाच्या किराणा दुकानदाराच्या व्हिस्कीवर १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकाराने लांब ढांगा टाकत निघालेला टोपीवाला गृहस्थ काढला. जाहिरात म्हणून बिनतोड. पण खऱ्या वॉकरांचे पूर्वज दिवसभर तुडवत असले तरी हौदाबाहेर एक पाऊलही जात नव्हते.

चौदाव्या शतकात हे तिन्ही शब्द एकमेकांना ओळखत होते. विल्यम लँगलंडच्या ‘पियर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात कापडाच्या या संस्कारांचं वर्णन आहे आणि त्यात फुलिंग आणि टकिंग दोन्ही क्रिया येतात. धर्मसुधारक विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं कशी शुभ्र झाली हे सांगताना त्यांना ‘फुलर’ लिहून भागलं नाही, शेजारी ‘वॉकर’ही घालावं लागलं. एकाच देशात देवाचं वचन पोचवायचं तर दोन शब्द हवे होते.

अशा हाकेच्या नावाचं आडनाव कधी होतं? १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्या आधी सामान्य इंग्रजाला आडनाव नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. जुन्या सॅक्सन नावांची खाणच मोठी होती. नॉर्मनांबरोबर त्यांची नावं आली आणि दोन-तीन पिढ्यांत सगळ्यांनी तीच उचलली: जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री. चौदाव्या शतकापर्यंत अशी परिस्थिती झाली की दर तीन पुरुषांत साधारण एक जॉन. एका गावात दहा जॉन झाले की लोक आपोआप काही तरी जोडतात: टेकडीजवळचा जॉन, तांबड्या केसांचा जॉन, विलचा जॉन, कापड तुडवणारा जॉन. ही जोडनावं माणसाबरोबर मरत. बापाचं जोडनाव मुलाला लागलं आणि ते गावाने मान्य केलं, की आडनाव झालं. जमीनदार घराण्यांत हे लवकर घडलं, कारण वारसा सिद्ध करायचा होता. सामान्य रयतेत दक्षिणेकडे चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेकडे आणखी उशिरा. मधल्या काळात, १३४८-४९च्या प्लेगने लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी नेला. कितीतरी जोडनावं आडनाव व्हायच्या आत संपून गेली असतील.

आपल्याला हे कळतं ते कर गोळा करणाऱ्यांच्या कृपेने. फ्रान्सबरोबरच्या लढाईचा खर्च भागवायला १३७७, १३७९ आणि १३८१ असा तीनदा डोईपट्टीचा तगादा लागला. त्यांच्या याद्यांत गावोगावच्या माणसांची नावं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी पुढे धंदाही लिहिलेला आहे. एखाद्या ओळीत वॉकर नावाचा माणूस खरोखर वॉकरच असतो: आडनाव अजून पिकायचं आहे. दुसऱ्या ओळीत वॉकर नावाचा माणूस शेतकरी किंवा शिंपी निघतो: तिथे नाव धंद्यापासून सुटलं आहे. त्याच डोईपट्टीने पेटलेल्या १३८१च्या बंडाचा पुढारी वॉट टायलर, म्हणजे कौलं घालणारा वॉट. लंडनमध्ये तो मारला गेला.

गंमत अशी की ज्या काळात ही नावं पक्की होत होती, नेमक्या त्याच काळात पाय हौदातून बाहेर पडत होते. पाण्याच्या जोरावर चालणारी कापड कुटायची गिरणी इंग्लंडात बाराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. टेंपलर पंथाच्या सरदारांनी ११८५ साली आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, तिच्यात अशा दोन गिरण्या आहेत: एक यॉर्कशरमध्ये लीड्सजवळच्या न्यूसमला, दुसरी कॉट्सवोल्डच्या डोंगराळ भागात. यंत्र साधंच. पाणचक्कीच्या आसाला खुंट बसवलेले. आस फिरला की खुंट दोन जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलणार आणि सोडून देणार. खाली कुंडीत कापड. हातोड्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या तोंडाने ते मार खातं आणि आपोआप वळतही राहतं. देखरेखीला एक माणूस पुरतो. लँकशरमधल्या हेल्मशोरला १७८९ साली बांधलेली अशी गिरणी जपून ठेवली आहे. सहाशे वर्षांत यंत्राच्या तत्त्वात फारसा फरक पडला नव्हता, असं ती पाहून म्हणता येतं. एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ साली या बदलाला थेट ‘तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती’ म्हटलं. त्यावर पुष्कळ वाद झाला. सगळ्या कापडधंद्याचा नकाशा एका गिरणीने बदलला हे जरा ताणलेलंच वाटतं. पण कापडाची कामं जुन्या शहरांतून ओढ्यानाल्यांच्या खेड्यांकडे सरकली, हे दिसतं.

शहरातल्या तुडवणाऱ्यांनी हे मुकाट सोसलं नाही. लंडनमध्ये १२९८ साली तक्रार आहे की कापड शहराबाहेर स्ट्रॅटफर्डच्या गिरण्यांवर परस्पर पाठवलं जातं. गिरणी बांधायला पैसा लागतो, तो जमीनदाराकडे किंवा मठाकडे; आणि गिरणी बांधली की रयतेने तिथेच यायचं आणि दाम मोजायचे असा हुकूम. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीचं आणि गावाचं यावरूनच पिढ्यानपिढ्या वाजलं. लोक घरी पायाने कापड तुडवत आणि घरच्या जात्यावर दळत. मठाला दोन्ही नको होतं. १२७४ साली राणी एलिनोर गावावरून जात असताना बायकांनी तिची वाट गाठून रडत गाऱ्हाणं घातलं. खटला झाला आणि गाव हरलं. पुढे १३३१च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता. मोठा ज्योतिर्विद, त्याने बनवलेलं ग्रहगतींचं घड्याळ युरोपात नावाजलेलं. या विद्वानाने गावातली जाती जप्त केली आणि आपल्या बैठकीच्या खोलीत त्यांची फरसबंदी केली. पन्नास वर्षं मठात येणारेजाणारे गावच्या जात्यांवरून चालत राहिले. १३८१च्या बंडात लोक मठात घुसले, ती फरशी उखडली, तिचे तुकडे केले आणि प्रसाद वाटावा तसे घरोघरी वाटले. डोईपट्टीच्या यादीतली निर्जीव वाटणारी नावं ही या माणसांची आहेत.

नैर्ऋत्येकडे वळलं की शब्द बदलतो. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बर्नजवळ टकिंगमिल नावाचं गाव आहे. उत्तरेला लँकशरमध्ये बर्नलीजवळ वॉक मिल. यंत्र एक, त्याला हाक मारायची पद्धत दोन. एक्सेटरच्या फोर स्ट्रीटवर १४७१ साली उभी राहिलेली कारागिरांच्या संघाची वास्तू अजून आहे. संघाचं कागदोपत्री नाव विणकर, फुलर आणि शेअरमन यांचं मंडळ. पण वास्तूला सगळं शहर म्हणतं ‘टकर्स हॉल’. कायद्याचा कागद लिहिणाऱ्याने राजधानीचा शब्द वापरला, गावाने आपला सोडला नाही. टकर या आडनावाला नैर्ऋत्येच्या बाहेर जन्म का मिळाला नाही, याचं उत्तर त्या पाटीवर आहे.

एक्सेटर भरभराटीला आलं ते सतराव्या शतकाच्या अखेरीस, सर्ज नावाच्या कापडावर. सिलिया फायन्स नावाची एक हिंडणारी बाई १६९८ साली घोड्यावरून तिथे आली आणि तिने सगळं डोळे उघडे ठेवून टिपलं: मूत्रात बुडवणं, मग साबण, मग कुंडीतले दातेरी हातोडे. ते कापड कसं आत ओढून घेतात ते पाहायला तिला मौज वाटली, पण नेसूचा जरासा काठ त्यात सापडला तर माणूस क्षणात आत ओढला जाईल, हेही तिने लिहून ठेवलं. शहराभोवतीची शेतं ताणलेल्या कापडाच्या चौकटींनी भरलेली. घोड्यांच्या पाठीवर मालाचे गठ्ठे. या धंद्यात गुंतलेल्या तेव्हाच्या कारागिरांत टकर आडनावाचे लोक किती होते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तोवर टकर हा सुतार असू शकत होता आणि कापड कुटणारा स्मिथ.

हीच गोष्ट मला आपल्याकडच्यापेक्षा वेगळी वाटते. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, रंगारी ही नावं आपल्याकडेही आहेत, पण त्यांच्यामागे जात उभी असते. धंदा सुटला तरी सोयरीक, पंगत, गावातली जागा यांच्या जोरावर नाव माणसाला धरून ठेवतं. इंग्लंडात दोन-तीन पिढ्यांत धंदा सुटला आणि मागे नुसता आवाज राहिला. त्याच्याबरोबर ना बंधन आलं, ना ओळख. वेबस्टर (विणकर), लिस्टर (रंगारी), टोझर (लोकर पिंजणारा), शालोनर (ब्लँकेट विणणारा): यांतल्या कितीजणांना आपल्या नावाचा अर्थ माहीत असेल, कोण जाणे. शब्दाच्या शेवटी ‘स्टर’ असलेली नावं मुळात बायकांच्या कामाची होती, असंही दिसतं. वेबस्टर, बॅक्स्टर, ब्रूस्टर म्हणजे विणणारी, पाव भाजणारी, बिअर गाळणारी. ती पुढे पुरुषांना लागली आणि त्यांच्या लेकरांना गेली.

वेल्समध्ये आणखी एक प्रकार झाला. तिथे आडनावं बापाच्या नावावरूनच पडली, धंद्यावरून क्वचित. म्हणून तिथे कापड कुटणारा माणसांच्या नावात सापडत नाही, गावांच्या नावात सापडतो. ‘पँडी’ म्हणजे कापड कुटायची गिरणी. १९१०च्या खाण कामगारांच्या संपामुळे गाजलेलं टोनीपँडी हे तिच्याच नावाचं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात उलट. गेलिक भाषेत ‘मॅक अन् उकॅडर’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, अशी घराणी होती. इंग्रजीत नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सरळ वॉकर लिहून टाकलं. हेब्रिडीज बेटांवर तर हे काम बायका करायच्या, आणि गिरणीत नव्हे, लांब फळीभोवती बसून, ओलं कापड आपटत, हातोहात पुढे सरकवत, तालावर गाणी म्हणत. ती गाणी विसाव्या शतकात ध्वनिमुद्रित करून ठेवली गेली.

आडनावांच्या या प्रांतवार विखुरण्याची शास्त्रीय म्हणावी अशी पहिली दखल घेतली ती हेन्री ब्रूम गपी या डॉक्टर आणि निसर्ग अभ्यासकाने. १८९० साली त्याने इंग्लंडातल्या आडनावांच्या माहेरांवर पुस्तक काढलं. त्याची युक्ती फक्कड होती: व्यापारी निर्देशिकांमधले फक्त शेतकरी मोजायचे. शेतकरी जागचा हलत नाही, त्याचे बाप-आजे त्याच मातीत असतात. शहरातल्या नावांची सरमिसळ त्याच्या मोजणीत शिरत नाही. बेटांवरच्या वनस्पतींच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आडनावांनाही तोच न्याय लावला. आता १८८१च्या जनगणनेची सगळी नावं संगणकात आहेत आणि त्याचं काम पुष्कळसं बरोबर ठरतं.

तिघांपैकी वॉकर संख्येने फार पुढे गेला. एकोणिसाव्या शतकात सरकारी निबंधकाने काढलेल्या यादीत तो इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या वीस आडनावांत आहे. फुलर आणि टकर जवळपासही नाहीत. उत्तरेत कापड तुडवणारे जास्त होते म्हणून असं झालं, असं म्हणायचा मोह होतो. मला कारण निराळं दिसतं. औद्योगिक क्रांतीत लोकसंख्या फुगली ती लँकशर-यॉर्कशरमध्येच. सूतगिरण्यांच्या शहरांत ज्यांची मुलंबाळं वाढली त्यांचं आडनाव वाढलं. डेव्हनचा सर्जचा धंदा तोवर बसला होता. शिवाय सगळे वॉकर एका रक्ताचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक ओढ्याकाठी एकेक निपजला होता. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाची वस्तीच आहे, हेड्रियनच्या भिंतीलगतची दलदल असा तिचा अर्थ. तिथून आलेल्याच्या आडनावात कापडाचा एक धागाही नसायचा.

आडनावं समुद्रापार गेली तोवर त्यांचा अर्थ पुसटला होता. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांत एडवर्ड आणि सॅम्युअल हे फुलर बंधू होते, नॉरफोकमधल्या रेडनहॉल गावचे. बाप खाटीक. सॅम्युअल हॉलंडमध्ये लायडनला असताना विणकाम करत होता आणि प्लिमथच्या वसाहतीत तो वैद्य झाला. खाटकाचा मुलगा, विणकर, मग वैद्य, आणि नाव कापड तुडवणारा. एडवर्ड आणि त्याची बायको पहिल्याच हिवाळ्यात गेली. त्यांचा मुलगा जगला आणि त्याचा वंश वाढला.

टकर मंडळींनी बर्म्युडा गाठलं. १६१६ साली तिथला गव्हर्नर डॅनिएल टकर. बर्म्युडाच्याच घराण्यातला हेन्री सेंट जॉर्ज टकर हा हिंदुस्थानात येऊन हिशेब-तिजोरीच्या खात्यात वर चढला आणि पुढे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. मुंबईत पकडला गेलेला फ्रेडरिक त्याच घराण्यातला. त्याला आडनावाचा मोह फारसा नसावा. इथे त्याने भगवे कपडे चढवले, अनवाणी हिंडला आणि फकीरसिंग म्हणवून घेतलं. १८८८ साली साल्व्हेशन आर्मीच्या संस्थापकाच्या मुलीशी, एमा बूथशी, त्याचं लग्न झालं तेव्हा सासऱ्याच्या इच्छेने दोघांचं आडनाव झालं बूथ-टकर.

अमेरिकेत या आडनावांच्या अंगावर एक काळा इतिहासही आहे. व्हर्जिनियात १६२५च्या सुरुवातीला वसाहतीतल्या माणसांची गणती झाली, तिच्यात कॅप्टन विल्यम टकरच्या घरी अँथनी आणि इझाबेला हे आफ्रिकी जोडपं आणि त्यांचं बाप्तिस्मा दिलेलं मूल विल्यम अशी नोंद आहे. बाळाचं नाव धन्याचंच. हॅम्प्टनमधलं एक कृष्णवर्णीय टकर कुटुंब आपला वंश त्या बाळापासून मोजतं. पुढच्या अडीचशे वर्षांत हजारो गुलामांना मळेवाल्यांची आडनावं चिकटली किंवा मुक्तीनंतर त्यांनी ती स्वतः घेतली. त्यामुळे आज अमेरिकेत वॉकर आडनावाचा माणूस भेटला, तर त्याचा पूर्वज यॉर्कशरच्या ओढ्यावर असेलच असं नाही. पश्चिम आफ्रिकेतलं त्याचं नाव कुठल्याच यादीत उरलेलं नाही. गुलामगिरीविरुद्ध १८२९ साली जळजळीत आवाहन छापणारा डेव्हिड वॉकर हा अशांपैकीच. दक्षिणेतल्या काही राज्यांनी असं लिखाण पसरवणाऱ्यांविरुद्ध कायदे केले.

मॅडम सी. जे. वॉकर हे नाव अमेरिकेत केसांच्या तेला-मलमांमुळे घरोघरी पोचलं. तिचं जन्मनाव सेरा ब्रीडलव्ह. जन्म १८६७, लुइझियानात, मुक्त झालेल्या गुलामांच्या पोटी. १९०६ साली तिने जाहिरातींचं काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकरशी लग्न केलं आणि त्याच्या नावाची आद्याक्षरं आपल्या डब्यांवर छापली. १९१२ साली दोघं विभक्त झाली. नवरा गेला, पण डब्यांवरचं नाव तिने बदललं नाही; तोवर गावोगावच्या विक्रेत्या बाया त्याच नावावर धंदा करत होत्या.